एफईव्ही१ ७८ टक्के, तक्रार एकही नाही. या आकड्याला किती महत्त्व द्यायचं?

ओएच_शिरोली

नमस्कार. फाउंड्रीतल्या कामगारांची वार्षिक तपासणी सुरू आहे आणि एका पीएफटी (फुंकून करायची फुप्फुसांची चाचणी, म्हणजे स्पायरोमेट्री) रिपोर्टवर गाडं अडलंय.

मोल्डिंगचा (वाळूचे साचे करणारा) कामगार, वय ४६, उंची १६८ सेंमी, वजन ८१ किलो. बिडी, सिगरेट, मशेरी काहीच नाही. धाप, खोकला, बेडका नाही. स्टेथोला छाती स्वच्छ. आकडे असे: एफव्हीसी (छाती भरून जोरात बाहेर टाकलेली एकूण हवा) ३.४० लिटर (अपेक्षित आकड्याच्या ७७%), एफईव्ही१ (त्यातली पहिल्या सेकंदातली हवा) २.७५ लिटर (७८%), दोन्हींचं गुणोत्तर ०.८१. पंप देऊन दुसरी फेरी केलेली नाही. मशीनने खाली आपणहून 'माइल्ड रिस्ट्रिक्शन' (फुप्फुसांत हवा थोडी कमी मावते) छापलंय आणि त्या दोन शब्दांनी माणूस घाबरलाय.

एफईव्ही१ कमी असलेली माणसं लवकर जातात, हे बीपी-शुगरइतकं पक्कं आहे का? असेल तर हा ७८ मी किती गंभीरपणे घ्यायचा? आणि त्याला नेमकं काय सांगायचं? त्याच्या मुलाने मेडिकलमधून तीन गोळ्यांचं यंत्र आणलंय, ते रोज फुंकू का, असंही तो विचारतोय.

आकडेमोड

पहिल्या प्रश्नाचं उत्तर स्वच्छ 'हो' असं आहे. ही कल्पना नवीही नाही. जॉन हचिन्सन यांनी १८४६ साली लंडनमध्ये दोन हजारांहून जास्त लोकांना आपल्या स्पायरोमीटरमध्ये फुंकायला लावून आकडे छापले, तेव्हाच आयुर्विमा देताना हे मोजावं असं त्यांनी सुचवलं होतं. विमा कंपन्यांनी ते फारसं मनावर घेतलं नाही, ही गोष्ट वेगळी.

पुढे फ्रॅमिंगहॅमच्या अभ्यासात (१९८३ चा निबंध) एफव्हीसी कमी असलेल्यांमध्ये हृदयविकार, विशेषतः हार्ट फेल्युअर आणि मृत्यू जास्त दिसले. स्कॉटलंडमधल्या रेन्फ्रू आणि पेझ्ली या गावांत ४५ ते ६४ वयाच्या ७,०५८ पुरुषांना आणि ८,३५३ बायकांना १५ वर्षं बघितलं. एफईव्ही१ नुसार पाच गट पाडले, तर सगळ्यात खालच्या गटात मृत्यूचा धोका सगळ्यात वरच्या गटाच्या जवळपास दुप्पट निघाला, पुरुषांत १.९२ पट आणि बायकांत १.८९ पट. आयुष्यात कधीच सिगरेट न ओढलेल्यांतही हा उतार कायम राहिला, म्हणून 'हे सगळं तंबाखूचंच' असं म्हणून सुटता येत नाही. अमेरिकेतल्या बफेलो शहरात २९ वर्षं पाठपुरावा झाला. तिथे धोका फक्त तळाच्या पाचव्या हिश्श्यात नव्हता, मध्यम कमी असलेल्यांतही वाढलेला होता. 

आपल्या जवळचं हवं असेल तर 'प्युअर' अभ्यास आहे. १७ देश, त्यात भारत, सव्वा लाखाहून जास्त माणसं, वय ३५ ते ७०. २०१९ मध्ये छापलेल्या त्यांच्या हिशेबात सुमारे पाव मृत्यूंचा वाटा कमी एफईव्ही१ शी जोडलेला आला, रक्तदाबाच्या वाट्याहून मोठा.

आता पथ्य. हा आकडा धोक्याची खूण आहे, धोक्याचं कारण असेलच असं नाही. जन्माचं वजन, लहानपणचे न्यूमोनिया, चुलीचा धूर, कारखान्यातली धूळ, जुना टीबी हा सगळा मागचा हिशेब त्यात साठलेला असतो. वर आजचं पोट, आजचं हृदय आणि आजची स्नायूंची ताकदही त्यातच मिसळते. म्हणून तो मृत्यूचा अंदाज चांगला देतो आणि नेमक्या त्याच कारणाने बिघाड कुठे आहे ते सांगत नाही.

आणखी एक. एकाच वेळच्या मोजणीत २.७५ लिटरला पोचायच्या दोन वाटा असतात. पंचविशीनंतर निरोगी माणसाचा एफईव्ही१ दरवर्षी साधारण २५ ते ३० मिलीने उतरतो. २१ वर्षांत तो ६०० मिलीच्या आसपास जातो, म्हणजे नेहमीच्याच गतीने उतरला असेल तर हा माणूस पंचविशीत ३.३५ च्या जवळ होता. मुळात शिखरच बुटकं. किंवा तेव्हा तो ३.८ ला होता आणि ५० मिलीच्या वेगाने खाली येतोय. पहिल्या माणसाला धीर द्यायचा असतो, दुसऱ्याची धूळ थांबवायची असते. लांगे आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवलं की सीओपीडी (श्वासनळ्यांतला कायमचा अडथळा) झालेल्यांतले जवळपास निम्मे पहिल्या वाटेने आलेले होते. जुने रिपोर्ट आहेत का?

फुंकर

मृत्यूचा हिशेब करण्याआधी ती फुंकर बरोबर होती का ते बघू. पीएफटी ही रक्ताची तपासणी नव्हे. माणसाने जीव तोडून फुंकलं नाही तर मशीन मुकाट्याने कमी आकडा छापतं आणि त्याला आजाराचं नाव देतं.

मला एवढं सांगा:

१. किती वेळा फुंकून घेतलं, आणि पहिल्या दोन चांगल्या प्रयत्नांत फरक किती?
२. फुंकण्याचा वेळ (एफईटी) किती सेकंद?
३. आकारमान-काळ आलेखाची शेवटची बाजू सपाट झाली की मध्येच तुटली?
४. उंची मोजली की विचारली? बूट काढले होते?
५. मशीन कुठल्या प्रकारचं, आणि खोलीचं तापमान त्यात काय भरलंय?
६. प्रेडिक्टेड (वय, उंची, लिंगावरून समीकरणाने काढलेला अपेक्षित आकडा) कुणाचं लावलंय? रिपोर्टच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात असतं.

ओएच_शिरोली

जुने रिपोर्ट दोन आहेत, पण दुसऱ्या एजन्सीच्या दुसऱ्या मशीनवरचे. तीन वर्षांपूर्वी एफईव्ही१ २.९८, पाच वर्षांपूर्वी २.९४.

फुंकरताई/दादा, उत्तरं: दोनच प्रयत्न, फरक ९० मिली. एफईटी २.८ सेकंद. आलेख शेवटी सरळ खाली पडलाय, सपाट नाही. उंची गेटपासवरून घेतली. मशीन न्यूमोटॅकवालं (नळीतल्या दाबावरून हवेचा वेग मोजणारं), तापमानाच्या रकान्यात २०. शिबिर शेडमध्ये होतं, तिथे ३० तरी असेल. प्रेडिक्टेडसमोर 'कॉकेशियन' लिहिलंय.

फुंकर

दादा. आणि अपेक्षेप्रमाणे सगळा मसाला सापडला. एकेक घेते... घेतो.

*२.८ सेकंद आणि तुटलेली शेपटी.* हा माणूस अर्ध्यात थांबलाय. नियम (२०१९ चा अमेरिकन-युरोपीय) असा, की शेवटच्या एका सेकंदात २५ मिलीपेक्षा कमी हवा यायला लागली म्हणजे पठार आलं, किंवा १५ सेकंद पूर्ण झाले, तर फुंकर संपली. मध्येच थांबलं की एफव्हीसी खोटा कमी येतो, एफईव्ही१ ला मात्र फार धक्का लागत नाही. परिणाम दोन: मशीनला 'रिस्ट्रिक्शन' दिसतं, आणि गुणोत्तर फुगतं. म्हणजे सुरुवातीचा अडथळा असेल तर तो झाकला जातो. तुमचं ०.८१ याच कारणाने मला अजून मान्य नाही. तो आणखी चार सेकंद फुंकत राहिला असता आणि एफव्हीसी ३.८० झाला असता, तर तेच गुणोत्तर ०.७२ होतं.

*दोन प्रयत्न.* तीन स्वीकारार्ह हवेत, आणि त्यातल्या वरच्या दोन एफईव्ही१ मध्ये १५० मिलीपेक्षा जास्त फरक नको. एफव्हीसीलाही तोच नियम. मिळत नसेल तर आठपर्यंत जा, त्यापुढे माणूस दमतो आणि आकडे घसरायला लागतात.

*तापमान.* शिबिरांत हे कुणी बघत नाही. बाहेर आलेली हवा नळीत थंड होते, म्हणून मशीन तिला शरीराच्या तापमानाला आणायला एका गुणकाने वाढवतं. २० अंशांना तो १.१०२, २५ ला १.०७५, ३० ला १.०४५. शेडमध्ये ३० आणि रकान्यात २० असेल, तर मशीनने जवळपास ५ टक्के जास्त हवा दाखवलीय. म्हणजे इथे चूक उलट्या दिशेला आहे, २.७५ हा खरं तर २.६१ च्या आसपास असू शकतो. टर्बाइन आणि अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये दुरुस्तीची पद्धत वेगळी असते, तिथे हा हिशेब जसाच्या तसा लावू नका.

*उंची.* गेटपासवरची उंची म्हणजे भरतीच्या दिवशी कुणीतरी अंदाजाने लिहिलेली. प्रेडिक्टेड एफईव्ही१ उंचीच्या साधारण २.२ व्या घाताने वाढतो. ३ सेंमी चुकलं की प्रेडिक्टेड ४ टक्के हललं. अनवाणी, टाचा भिंतीला, नजर समोर, स्टेडिओमीटरवर मोजा. पाठीला बाक असेल तर दोन्ही हात पसरून वाव मोजा आणि त्यावरून उंची धरा.

आता परत करताना क्रम असा ठेवा. सकाळी आधी ३ लिटरच्या सिरिंजने मशीन तपासा, सावकाश, मध्यम आणि जोरात अशा तीन वेगांनी. प्रत्येक वेळी आकडा २.९१ ते ३.०९ मध्ये यायला हवा. नाही आला तर आधी फिल्टर आणि जोड बघा, बहुतेक वेळा गळती तिथेच असते. पंख्याचा झोत मशीनवर नको. फुंकायच्या आधी शून्य घेताना नळी हलली तर अख्ख्या फुंकरीत तो दोष राहतो आणि आलेख शेवटी पठाराऐवजी चढत जातो.

माणसाला तासभर आधी सिगरेट आणि जड काम बंद. भरपेट जेवण नको. पट्टा सैल, कॉलरचं बटण उघडं. कवळी घट्ट बसत असेल तर तोंडातच राहू द्या, काढली की ओठ बसत नाहीत. हातांच्या खुर्चीत ताठ, पाय जमिनीला टेकलेले, नाकाला चिमटा. मग बोलायचं ते मराठीत आणि मोठ्याने: 'पोटापासून छाती पूर्ण भरा... अजून भरा... अजून... मारा! ... चालू ठेवा, चालू ठेवा, चालू ठेवा, थांबायचं नाही, थांबायचं नाही... आता जोरात परत आत ओढा.' 'फुंका' म्हटलं की लोक मेणबत्ती विझवतात. 'मारा' म्हटलं की धडाका येतो. छाती भरल्यावर दोन सेकंदांपेक्षा जास्त थांबू देऊ नका.

शेवटचं 'आत ओढा' बरेच जण गाळतात. ते कामाचं आहे. आत ओढलेली हवा बाहेर टाकलेल्यापेक्षा १०० मिली किंवा ५ टक्के (जे जास्त असेल ते) याहून जास्त भरली, तर सुरुवातीला छाती भरलेलीच नव्हती. आणि सुरुवात अडखळली असेल तर मशीन 'बीईव्ही' (खरी फुंकर सुरू व्हायच्या आधी निसटलेली हवा) दाखवतं, तो एफव्हीसीच्या ५ टक्क्यांत किंवा १०० मिलीत हवा, जे जास्त असेल ते.

कुणाला फुंकायला लावायचं नाही तेही शिबिरात विचारा: आठवड्याभरातला हार्ट अटॅक, नुकतंच झालेलं डोळ्याचं, मेंदूचं, छातीचं किंवा पोटाचं ऑपरेशन, थुंकीतून रक्त, चालू टीबीचा संशय.

आकडेमोड

'कॉकेशियन'बद्दल थोडं. तीच फुंकर, नुसता मेनू बदलून:

जीएलआय (प्रेडिक्टेडच्या समीकरणांचा आंतरराष्ट्रीय संच) २०१२ कॉकेशियन: ७८%
जीएलआय २०१२ 'इतर/मिश्र': सुमारे ८४% (या गटाचं एफईव्ही१ प्रेडिक्टेड ७ टक्क्यांनी खाली आहे)
जुन्या मशीनमधला ०.९ चा सरसकट गुणक: सुमारे ८७%

लिटर एक थेंबही बदलला नाही आणि 'आजारी'चा 'नॉर्मल' झाला. जीएलआय २०१२ मध्ये भारतीय उपखंडासाठी वेगळा गट नाही. आपल्याकडची समीकरणं आहेत, कामत, उदवाडिया, छाब्रा ही नावं काही मशीनच्या मेनूत दिसतात. २०२२ पासून वंशाचा रकानाच काढून टाकलेलं 'जीएलआय ग्लोबल' आलंय आणि अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने २०२३ मध्ये तेच वापरा म्हटलंय.

माझं मत विचाराल तर गुणक लावून आकडा गोड करून घेण्यात मतलब नाही. प्युअरच्याच २०१३ च्या निबंधात सिगरेट न ओढणाऱ्या दक्षिण आशियाई लोकांचा एफईव्ही१ वय, उंची, लिंग सारखं धरूनही युरोप-उत्तर अमेरिकेपेक्षा ३१ टक्क्यांनी कमी होता. यातलं किती रक्तातलं आणि किती कुपोषण, चूल आणि लहानपणच्या आजारांतलं, ते वेगळं काढता येत नाही. ते सगळं 'आपल्याकडे असंच असतं' म्हणून प्रेडिक्टेडमध्ये मुरवून टाकलं की धोका कागदावरून गायब होतो, माणसातून नाही. उलट बाजूही खरी: कॉकेशियन लावून निम्म्या शॉपला 'रिस्ट्रिक्शन'चे शिक्के मारले तर नोकऱ्यांवर गदा येते. म्हणून एक समीकरण निवडा, रिपोर्टवर नाव लिहा, आणि दरवर्षी तेच ठेवा. ८० टक्क्यांच्या रेषेपेक्षा झेड-स्कोअर (आकडा सरासरीपासून किती प्रमाण विचलन दूर आहे ते) बघा, उणे १.६४५ च्या खाली गेला तर कमी म्हणायचं.

मृत्यूच्या धोक्यासाठी एक साधा मार्ग आहे ज्यात प्रेडिक्टेड लागतच नाही. पुरुषाचा एफईव्ही१ भागिले ०.५, बाईचा भागिले ०.४. याला एफईव्ही१-क्यू म्हणतात. ०.५ आणि ०.४ लिटर म्हणजे फुप्फुसांच्या आजाऱ्यांत सापडलेली जवळपास तळाची पातळी. भागाकार सांगतो की माणूस त्या तळापासून किती पट वर आहे. मिलर आणि पेडरसन यांच्या पाहणीत मृत्यूचा अंदाज टक्केवारीपेक्षा याने बरा आला. तुमच्या माणसाचा २.७५ ÷ ०.५ = ५.५. वर्षाला २८ मिली गेले तर एक अंक उतरायला १८ वर्षं लागतात. त्याला घाबरवायला या हिशेबात काही नाही.

जुन्या आकड्यांबद्दल: २.९४, २.९८, २.७५. तीन वर्षांत २३० मिली म्हणजे वर्षाला ७७, दिसायला वाईट. पण एजन्सी बदलली, मशीन बदललं, फुंकर तुटकी, तापमान चुकलेलं. एकाच बैठकीत १५० मिलीचा फरक आपण चालवून घेतो, तर वर्षाला ३० मिलीची उतरण एका वर्षात कशी दिसेल? निरोगी माणसात वर्षभरात १५ टक्क्यांहून जास्त घट झाली तरच ती खरी धरायची पद्धत आहे. गती कळायला पाच-सहा वर्षं, तेच मशीन, तोच ऋतू, शक्यतो दिवसाची तीच वेळ.

छातीविकार

वरच्या सगळ्याला अनुमोदन, पण एक गोष्ट कुणी बोललं नाही. माणूस मोल्डिंगचा आहे. वाळू. स्पायरोमेट्री उत्तम आली तरी साधा सिलिकोसिस (वाळूच्या धुळीने फुप्फुसांत होणाऱ्या गाठी) असू शकतो, कारण सुरुवातीच्या गाठी एक्स-रेवर दिसतात तेव्हा आकडे पुष्कळदा नॉर्मल असतात. त्यामुळे फुंकर परत घ्याच, पण छातीचा पीए एक्स-रे त्यासाठी थांबवू नका, आणि तो आयएलओच्या (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) प्रमाणित फिल्म शेजारी ठेवून वाचणाऱ्याकडे पाठवा. सिलिका असलेल्या फुप्फुसात टीबीचा धोका वाढलेला असतो. ताप, वजन उतरणं, दोन आठवड्यांहून जास्त खोकला यातलं काहीही निघालं तर थुंकी सीबीनॅटला (टीबीच्या जंतूंची जनुकीय तपासणी).

पुन्हा केलेल्या चाचणीनंतर तीन शक्यता आहेत.

एफव्हीसी वाढला आणि गुणोत्तर ०.७० च्या खाली गेलं: साल्ब्युटामॉल १०० मायक्रोग्रॅमचे चार पफ स्पेसरमधून एकेक करून द्या, १० ते १५ मिनिटं थांबा, परत घ्या. पंपानंतरही ०.७० च्या खाली राहिलं तर कायमचा अडथळा. सिगरेट नसताना सीओपीडी होत नाही हा समज सोडा, आपल्याकडे चूल आणि धूळ पुरेशी असते. एफईव्ही१ किंवा एफव्हीसी प्रेडिक्टेडच्या १० टक्क्यांहून जास्त वाढला तर दम्याच्या बाजूने विचार करा, आणि सुट्टीच्या आठवड्यात बरं वाटतं का ते विचारा.

दोन्ही आकडे कमीच राहिले, गुणोत्तर चांगलं: याला हल्ली 'प्रिझम' म्हणतात. हे निरुपद्रवी नाही, यांच्यातही मृत्यू आणि हृदयविकार जास्त दिसलेत. पण 'रिस्ट्रिक्शन' हा शब्द स्पायरोमेट्रीवरून लिहायचाच नसतो. त्यासाठी फुप्फुसांची एकूण क्षमता (टीएलसी) मोजावी लागते, ती बॉडी बॉक्सवर (माणसाला आत बसवून मोजायची बंद पेटी). मोठ्या मेडिकल कॉलेजात सोय असते, तिथेच डीएलसीओ (फुप्फुसातून रक्तात वायू किती सहज जातो ते) पण करून घ्या, हिमोग्लोबिनची दुरुस्ती लावून. त्याआधी समोरचं बघा: ८१ किलो, १६८ सेंमी, म्हणजे बीएमआय २८.७. आपल्याकडे २५ नंतर लठ्ठ धरतात. पोटाचा घेर छाती-पोटामधल्या पडद्याला खाली जाऊ देत नाही, दोन्ही आकडे एकत्र उतरतात, गुणोत्तर जागेवर राहतं. बीपी, एचबीए१सी, लिपिड, ईसीजी याच भेटीत उरकून घ्या. रात्री घोरतो का आणि झोपेत श्वास अडकतो का, हे बायकोला विचारा, त्याला नाही.

तिसरी शक्यता, सगळं नॉर्मल. मग पायाभूत नोंद म्हणून जपून ठेवा.

दवाखान्यातच करता येणारी एक जोडचाचणी: बोटाला ऑक्सिमीटर लावून एक मिनिट खुर्चीतून उठ-बस. ऑक्सिजन ४ अंकांनी किंवा जास्त पडला तर आकडे काहीही असोत, पुढे पाठवा.

गोळेकाका

मग पंप कायमचा चालू करून एफईव्ही१ वाढवला तर आयुष्य वाढेल ना? एवढा साधा विचार.

छातीविकार

काका, विचार साधा आहे, पण माणसाचं शरीर तसं नाही. २००७ च्या 'टॉर्च' चाचणीत सीओपीडीचे सहा हजारांवर रुग्ण होते. साल्मेटेरॉल-फ्लुटिकासोनच्या पंपाने एफईव्ही१ सुधारला, दम्याचे झटके म्हणतात तसे उसळीचे प्रसंग कमी झाले, पण तीन वर्षांतले मृत्यू १५.२ वरून १२.६ टक्के झाले आणि तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला अगदी थोडक्यात कमी पडला. ज्याला आजारच नाही त्याला तर पंपाचा संबंधच नाही.

उतरण खरोखर थांबवणारी गोष्ट म्हणजे सिगरेट सोडणं. अमेरिकेतल्या 'लंग हेल्थ स्टडी'त ११ वर्षांनंतर ओढत राहिलेले पुरुष वर्षाला ६६ मिली गमावत होते, सोडलेले ३०. या माणसाला लागू नाही, पण त्याच शॉपमधल्या बिडीवाल्यांना 'फुप्फुसाचं वय' (एवढा एफईव्ही१ निरोगी माणसात ज्या वयाला असतो ते) काढून सांगा. इंग्लंडमध्ये ५६१ धूम्रपान करणाऱ्यांवर हे करून पाहिलं (२००८), वर्षानंतर बिडी-सिगरेट सुटलेले १३.६ टक्के निघाले, नुसता लिटरमधला आकडा सांगितलेल्यांत ६.४.

श्वसनफिजिओ

तीन गोळ्यांच्या यंत्राबद्दल. पहिली गोष्ट, ते फुंकायचं नाही, ओढायचं. उलटं धरून फुंकणारे निम्मे सापडतील. त्यावर ६००, ९००, १२०० असे आकडे असतात, ते सेकंदाला किती मिली हवा आत जातेय ते. तिसरी गोळी एका झटक्यात वर गेली म्हणजे फुप्फुस मोठं, असं काही नसतं. छोटा झटकाही तिला उडवतो. ऑपरेशननंतर पडून असलेल्या माणसाचे फुप्फुसांचे तळाचे भाग उघडे ठेवायला ते बनलंय, आणि तिथेही दोन गोळ्या सावकाश तीन सेकंद वर धरणं जास्त उपयोगाचं. ते एफईव्ही१ मोजत नाही आणि वाढवतही नाही. कोविडमध्ये मोबाइलवर फिरलेल्या श्वास रोखायच्या चाचण्यांचंही तेच: त्यात फुप्फुसांपेक्षा माणसाची जिद्द जास्त मोजली जाते.

प्राणायाम करत असेल तर करू दे. श्वसनाचे स्नायू सुधारतात, छाती भरायची सवय लागते, त्यामुळे पुढच्या चाचणीत फुंकर चांगली येते. नळ्यांतला अडथळा किंवा धुळीच्या गाठी त्याने जात नाहीत. त्याच्यासाठी माझी पहिली पसंती रोज अर्धा तास असं चालणं की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, आणि कमरेचा घेर पाच सेंमीने खाली.

ओएच_शिरोली

मंडळी, भरपूर मिळालं. उद्या मशीन एसी खोलीत हलवतोय, थर्मामीटर भिंतीला लावून. उंची-वजन परत. एक्स-रे सांगितलाय. त्या माणसाला काय बोलू, ते तेवढं कुणीतरी सोप्या शब्दांत लिहून द्या, मी जसंच्या तसं वाचेन.

छातीविकार

हे घ्या:

'तुमच्या फुप्फुसांत आजार सापडलेला नाही. कागदावर छापलेला शब्द मशीनचा आहे, डॉक्टरचा नाही. तुमची फुंकर अर्ध्यात थांबली होती, म्हणून परत घेतोय. वाळूत काम करता म्हणून फोटो काढतोय, तो दरवेळी काढायचाच असतो. आकडा थोडा कमी राहिला तर बीपी, साखर आणि वजन आपण जास्त नीट सांभाळायचं, कारण कमी आकड्याच्या माणसांना त्रास बऱ्याचदा हृदयाकडून होतो. मास्क कापडी नको, मी देतो तोच, आणि दाढीचे खुंट वाढवून तो बसत नाही.'

शेवटचं वाक्य गाळू नका. एन-९५ च्या कडेला खुंट असतील तर धूळ बाजूने सरळ आत जाते. आणि मास्क हा शेवटचा उपाय. शेकआउटला (साचा फोडून वाळू झाडतात तिथे) पाणी मारणं आणि धूळ ओढणारा हूड चालू आहे का, हे त्याच्या रिपोर्टखाली सेफ्टी ऑफिसरसाठी लिहून पाठवा.

फुंकर

कार्डावर पुढच्या वर्षासाठी एवढं लिहा: मशीनचा सिरीयल नंबर, समीकरणाचं नाव, खोलीचं तापमान, मोजलेली उंची, किती प्रयत्न, एफईटी, दर्जा (ए ते एफ), आणि एफईव्ही१ लिटरमध्ये. टक्केवारी नाही लिहिली तरी चालेल, ती नंतर कधीही काढता येते. आलेखाची प्रिंट थर्मल कागदावर असेल तर तिची झेरॉक्स काढून लावा, वर्षभरात थर्मल कागद कोरा होतो.